भाग कशाचा, हे आधी ठरवा

एकाने पगाराचा १/३ भाग घरभाड्याला दिला, उरलेल्याचा १/४ किराण्यावर खर्च केला आणि त्याच्याकडे ६,००० रुपये उरले. पगार किती?

स्पर्धा परीक्षेत घाईघाईत १/३ आणि १/४ यांची बेरीज केली जाते: ७/१२. मग ५/१२ म्हणजे ६,००० आणि पगार १४,४००. भागाकार पूर्ण जातो, पर्यायांतही १४,४०० दिलेले असते, त्यामुळे शंकाच येत नाही. पण इथे १/४ पगाराचा नाही, उरलेल्याचा आहे. छेद समान करून बेरीज तेव्हाच चालते, जेव्हा दोन्ही भाग एकाच रकमेचे असतात. ‘उरलेल्याचा’, ‘बाकीच्याचा’ असा शब्द आला की शिल्लक भागांचा गुणाकार करायचा: २/३ × ३/४ = १/२. निम्मे म्हणजे ६,०००, पगार १२,०००. ताळा करून पाहा: ४,००० भाडे, राहिले ८,०००, त्यातले २,००० किराणा, शिल्लक ६,०००.

‘निम्मे खर्च केले आणि वर १०० रुपये दिले, ५०० उरले’ असे गणित असेल, तर गुणाकार चालणार नाही. शेवटून मागे यायचे. ५०० मध्ये १०० मिळवा, ६०० झाले. ते निम्मे होते, म्हणून सुरुवातीला १,२००.

टाकीची गणिते त्या मानाने सरळ असतात, कारण दोन्ही भाग त्याच टाकीचे. टाकी ३/५ भरलेली होती, ९० लिटर काढल्यावर ३/८ राहिली. ३/५ − ३/८ = ९/४०. चाळीसातले ९ भाग ९० लिटर, एक भाग १० लिटर, टाकी ४०० लिटरची. क्ष मानायची गरजच नाही.

प्रमाणाच्या गणितात आकडे मांडण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे वाढले तर ते वाढेल की घटेल? वह्या आणि किंमत समप्रमाणात, तिथे भागाकार स्थिर. मजूर आणि दिवस व्यस्त प्रमाणात, तिथे गुणाकार स्थिर. हे न ठरवता त्रैराशिक मांडले की गणित उलटे जाते.

सर्वात जास्त चुका शिधा आणि मजुरांच्या गणितांत होतात. ६० जणांना २० दिवस पुरेल इतके धान्य आहे. ५ दिवसांनी आणखी १५ जण आले. धान्य आणखी किती दिवस पुरेल? ६० × २० ला ७५ ने भागले की १६ येते आणि तेही पर्यायांत असते. पण ५ दिवसांचे धान्य संपलेले आहे. उरले ६० × १५ = ९०० माणूस-दिवसांचे; भागिले ७५ म्हणजे १२ दिवस. प्रश्न ‘आणखी’ असा असेल तर १२, ‘एकूण’ असा असेल तर १७. शेवटचे वाक्य पुन्हा वाचल्याशिवाय उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करू नका.

भाव १/४ ने वाढला, खर्च तेवढाच ठेवायचा, तर वापर कितीने कमी? उत्तर १/५. भाव ४ चा ५ झाला, म्हणून वापर ५ चा ४ झाला, आणि घट मोजायची ती ५ वर. पुन्हा तोच प्रश्न, भाग कशाचा!

दोन गुणोत्तरे जोडताना समाईक पद सारखे करा. अ:ब = ३:४, ब:क = ६:५. ४ आणि ६ चा लसावि १२, म्हणून ९:१२:१०, एकूण ३१ भाग.

आपल्या भाषेत एक सोय आयती आहे, ती वापरली जात नाही याचे वाईट वाटते. सव्वा किलोला १५० रुपये, तर पावणेदोन किलोला किती? १.२५ आणि १.७५ लिहून दशांश चिन्ह सांभाळत बसण्यापेक्षा पाव मोजा. सव्वा म्हणजे ५ पाव, पावणेदोन म्हणजे ७. एक पाव ३० रुपयांना, सात पाव २१० ला. अडीच म्हणजे १० पाव, साडेतीन म्हणजे १४. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद. असे गणित तोंडीच झाले, तर वाचलेला वेळ शिध्याच्या गणितातले शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला मिळतो.