भाचीला मॉडेल व्हायचंय
आज धरमपेठेत तर्री-पोहे खाताना भाचीनं जाहीर केलं, "मामा, मी आधी मॉडेल होणार, मग सिनेमात जाणार." ताई तिथंच भडकली. मी मॉडेल मधू सप्रेचं नाव काढलं, तर पोरीनं ते ऐकलेलंही नाही! अगं बाप्पा, जन्मानं नागपूरचीच ती. मूळची खेळाडू. १९९२ ला मिस युनिव्हर्सच्या मंचावर विचारलं, देशाची प्रमुख झालीस तर काय करशील? ही म्हणाली, क्रीडा संकुल बांधीन. मुकुट हुकला, तिसरी आली. मला मात्र त्या साऱ्या गुळगुळीत उत्तरांपेक्षा हेच खरं वाटतं. सिनेमात काही जमलं नाही. २००३ चा 'बूम' सपशेल आपटला. ताईनं नेमकं तेवढंच पकडलं. आता रविवारी भाऊजींपुढे पुढची सुनावणी.