कुलर निर्दोष सुटला

आमच्याकडे एप्रिल-मेचं वीजबिल आलं की आरोपी आधीच ठरलेला असतो: कुलर. आर्वी तालुक्यातला उन्हाळा, पारा ४५ च्या आसपास, ताट्या ओल्या केल्याशिवाय दुपार निघत नाही. तरी मामाजी, म्हणजे माझे सासरे, तासातासाला येऊन म्हणणार, "थंडं झालं ना घर, बंद करा तो. मीटर पाह्य कसं पयते." मीटर पळतं हे खरंच. पण कोणामुळे पळतं, ते मीटर सांगत नाही.

बीएस्सीला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, ते लग्नानंतर मिक्सर उघडण्यापलीकडे फारसं कामी आलं नव्हतं. म्हणून यंदा पीझेम-००४टी हे मोजणीचं मॉड्यूल आणि वायफायवाला नोडएमसीयू बोर्ड मागवला. व्होल्टेज, करंट, वॅट, युनिट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खऱ्या वॅटचा हिस्सा), सगळं मोबाइलवर दिसतं. २३० व्होल्टशी मी एकटी खेळत नाही, त्यामुळे मेन स्विच पाडून गावातल्या वायरमनदादांकडून बसवून घेतलं. त्यांनी सीटीच्या, म्हणजे करंट मोजणाऱ्या, कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी ओवल्या. घरात कुलर, फ्रिज, पंखे चालू आणि स्क्रीनवर शून्य! "डुप्लिकेट माल दिसते," दादा म्हणाले. माल बरोबर होता. जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकाच कड्यातून गेले की एकमेकांना खोडतात. न्यूट्रल बाहेर काढली आणि आकडे धावू लागले.

आता कुलर. पंखा आणि पंप मिळून १९० वॅट. बारा तास चालला तर सव्वादोन युनिट, महिन्याला साधारण ६८. काही कमी नाही, पण घर डोक्यावर घेण्याइतकंही नाही.

खरी गंमत रात्री दिसली. मे महिन्यातच एकदा पाऊस पडून हवा गार झाली, कुलर बंद, पंखे बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसरही थांबलेला. तरी स्क्रीनवर १३५ वॅट. कोण खातंय? एकेक प्लग काढत गेले. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर काढले, दहा वॅट उतरले. मग इन्व्हर्टरचा प्लग काढला आणि आकडा थेट शून्यावर.

म्हणजे इन्व्हर्टर बसल्या जागी १२५ वॅट ओढत होता. लाइन गेलेली नाही, बॅटरी भरलेली असायला हवी, तरीही. चोवीस तासांचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद! कुलर निदान उन्हाळ्यापुरता असतो, हा बारमाही पाहुणा. (करंट १ अँपिअरच्या आसपास होता. नुसता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावून २३० ने गुणलं असतं तर २३० वॅट वाटले असते. पॉवर फॅक्टर ०.५५ होता, म्हणून वॅट मोजणारंच मॉड्यूल घ्यावं.)

बॅटरीला हात लावला तर कोमट. झाकणाजवळ सडक्या अंड्यासारखा वास. तिच्यात पाणी वरचेवर घालावं लागतं, ही तक्रार सासूबाई केव्हाच्या करत होत्या, आम्हीच ऐकलं नाही. दुकानातल्या पोराने ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, पाहिली: पाच सेलना १२४० च्या आसपास, सहाव्याला ११००. एक सेल गेला की बॅटरी कधी भरतच नाही, चार्जर आपला ओतत राहतो.

मॉड्यूल नसेल तरी हे तपासता येतं. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलेलं असेल तर लाल दिवा ३२०० वेळा लवला की एक युनिट. सगळं बंद करून घड्याळ लावा. आमचा दिवा साधारण नऊ सेकंदाला एकदा लवत होता, म्हणजे १२५ वॅटच्या आसपास. खरोखर सगळं बंद असेल तर तो लवायलाच नको.

जुनी देऊन नवी बॅटरी आणली. आता भरल्यावर इन्व्हर्टर पंधरा वॅटच्या आत राहतो. ३०० युनिटचा टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, त्यामुळे हे नव्वद युनिट उन्हाळ्यात नेमके महागातले होते.

मामाजींनी कुलरची माफी काही मागितली नाही. मोबाइल मात्र दिवसातून दहादा मागतात. आता त्यांना हेच विहिरीवरच्या मोटरला हवंय. ती थ्री फेज, म्हणजे तीन मॉड्यूल लागतील, आणि तिथे वायफायचं नाव नाही. मी म्हटलं, आधी स्टार्टरमधलं जळकं कॉन्टॅक्ट बदलू, मोजमाप मागून.