ओला पारा, कोरडा पारा

विदर्भातली उन्हाळ्याची सुट्टी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा संपते. पुण्या-मुंबईकडची मुलं जूनच्या मध्यावर वर्गात बसतात, आपल्याकडे शाळेची घंटा वाजते ती जूनच्या अखेरीस. नवतपा, म्हणजे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतो आणि पाऊस येईपर्यंत ऊन काही हटत नाही, म्हणून ही सोय. स्मरणिकेसाठी लिहा असा शाळेचा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलनं, सहली, बक्षिसं यांवर बाकीचे लिहितीलच असं वाटलं. मला लिहायचंय ते शाळा बंद असतानाच्या एका उन्हाळ्याबद्दल. साल १९९२. नववी संपली होती, दहावी समोर होती.

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. सकाळी उजाडायच्या आत चिटणीस पार्कात क्रिकेट, संध्याकाळी सायकली. अडचण होती दुपारची. अकरा वाजता रस्ते ओस पडायचे, पाच वाजेपर्यंत कोणी बाहेर सोडत नसे. गच्चीवर आईच्या कुरडया आणि मुगवड्या वाळत असायच्या, त्या राखायलासुद्धा सावलीतूनच बसायचं. दहावीच्या क्लासेसची कुजबुज तेव्हाही घरोघर सुरू झाली होती.

शेवटच्या पेपरच्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि दोन थर्मामीटर हातात दिले. शाळेचे, पाऱ्याचे, ११० अंशांपर्यंतचे. एकाच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळायची, तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडायचं. दुसरा कोरडा ठेवायचा. दोन्ही सावलीत, वारा लागेल असे टांगायचे आणि रोज दुपारी तीन वाजता आकडे लिहायचे. "फुटला तर पारा हाताने गोळा करू नको. आणि आकडा मनानं घालू नको, एखादा दिवस चुकला तर जागा कोरी सोड," एवढंच सर म्हणाले. रजिस्टरमध्ये सही घेतली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेची वस्तू दोन महिने घरी देण्यात केवढा विश्वास होता, हे आज स्वतःच्या घरात तेवढी मुलं असताना मला जास्त कळतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. मार्च लागला की फुटपाथभर पत्र्याचे कूलर मांडलेले असत. कुणाच्या टाकीला गंज चढलेला, कुणाचा पंप जाम, आणि ताट्या, म्हणजे ज्यांवरून पाणी झिरपतं त्या गवताच्या जाळ्या, तर सगळ्यांच्याच बदलायच्या. दुपारी मी तिथे जाऊन बसू लागलो. मिस्त्रीकाकाजींनी जुन्या ताट्या सोडवायचं काम माझ्याकडे दिलं. वर्षभराच्या पाण्याचे क्षार बसून ते गवत दगडासारखं झालेलं असायचं. ते काढायचं, जाळी घासायची, नवा वाळा किंवा वूडवूल (लाकडाचा बारीक भुसा-तंतू) सारखं पसरून तारेनं बांधायचं, वरच्या पन्हाळीची छिद्रं सुईनं मोकळी करायची. त्यांचा एक नियम मात्र कडक होता. पाण्याला हात लावण्याआधी ते दर वेळी विचारायचे, "पिन काढली का बे?" आणि मी "हौ काकाजी" म्हटलं तरी स्वतः उठून बघायचे. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी नागपूरच्या पेपरात दर उन्हाळ्यात येते, अजूनही येते. तो नियम मी माझ्या घरात आजही तसाच पाळतो आणि पाळायला लावतो.

एके दिवशी मी थर्मामीटर दुकानात नेले. "काय पाहून राहिला त्यात?" काकाजींनी विचारलं. मी दाखवलं. दुकानाच्या सावलीत कोरडा पारा ४४ वर होता, ओला २३ वर. एकाच हवेत एकवीस अंशांचा फरक! वर्गात सरांनी बाष्पीभवनाची उष्णता शिकवली होती: एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी. तो आकडा उकळत्या पाण्याचा, उन्हाळी हवेत विरणाऱ्या पाण्याला त्याहून थोडी जास्तच लागते, सुमारे ५८०. ही उष्णता ते पाणी हवेतूनच उचलतं, म्हणून हवा थंड होते. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते त्या फुटपाथवर. मग नव्या ताटीच्या कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरला: २८. क्षार चढलेल्या जुन्या ताटीच्या कूलरशी धरला: ३१ च्या खाली उतरेना. काकाजींनी तो आकडा दोनदा बघितला आणि त्यानंतर ताटी बदलायला कुरकुरणाऱ्या गिऱ्हाइकापुढे ते मला थर्मामीटर घेऊन उभं करू लागले. वाळा की वूडवूल हा त्यांचा जुना वाद मात्र माझ्या थर्मामीटरनं सुटला नाही. आकड्यांत फारसा फरक दिसला नाही, आणि वाळ्याच्या वासापुढे आकड्यांना तसंही कोण विचारतं!

त्यानंतर मी दिसेल तिथे पारा टांगू लागलो. आमच्या वाड्याच्या माजघरात, जाड मातीच्या भिंतींमागे, भर दुपारी ३५. मागच्या टिनाच्या खोलीत, जिथे एक कुटुंब भाड्यानं राहत होतं, तिथे ४६. एकाच अंगणात, वीस पावलांवर. त्या घरातल्या काकू तिथेच चूल पेटवून सगळ्यांचा स्वयंपाक करायच्या. तो आकडा लिहिताना मला जे वाटलं, त्यानंच पुढे माझी वाट ठरवली असं मी मानतो. आज मी घरांच्या आणि शाळांच्या इमारती कमी तापाव्यात यासाठीच काम करतो.

मेमध्ये मामाच्या गावी गेलो तेव्हाही थर्मामीटर बरोबर होते. इतवारीहून नागभीडकडे जाणारी नॅरो गेजची छोटी गाडी, उमरेड, मग भिवापूर. स्टेशनावर मिरच्यांचा ठसका. ती गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. मामाच्या शेतात मोहाच्या झाडाखाली नोंद घेतली, त्या मुक्कामाची तेवढीच.

परत आलो तर संध्याकाळी जायला नवी जागा तयार होती. त्याच वर्षी मार्चमध्ये शुक्रवार तलावाजवळ रामन विज्ञान केंद्र उघडलं होतं. स्वतः रामन तरुणपणी सरकारी हिशेब खात्यात होते आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरात राहिले होते. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात विज्ञान करणारा माणूस आपल्याच गावात राहून गेला, याचा मला फार आधार वाटायचा.

जूनच्या मध्यावर ढग आले. कोरडा पारा ३४ वर उतरला, पण ओला २७ वर चढला. फरक फक्त सातचा. गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येऊ लागली, "कूलर बिघडला, चिकचिक होते." काकाजी म्हणायचे, "कूलर चांगला आहे, हवा बदलली. खिडकी-दार उघडा, आत आलेल्या हवेले जायले वाट द्या." मुंबईत कूलर का चालत नाही, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. वही समोर होती.

शाळा उघडली त्या दिवशी वही सरांना दिली. त्यांनी पहिल्या तासाला तिच्यातले आकडे फळ्यावर लिहिले, आलेख काढायला लावला आणि चार कोऱ्या जागा बघून म्हणाले, "या जागांमुळे बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास आहे."

आता नववीची परीक्षा संपते आणि आठवड्याभरात दहावीचे क्लास सुरू होतात. मुलं भर उन्हात तोंडाला दुपट्टा बांधून एका क्लासहून दुसऱ्या क्लासला जाताना दिसतात. मला हे पटत नाही, आणि शाळेच्या व्यासपीठावर ते स्पष्ट म्हणायला हवं. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. ज्या गावात असं ऊन पडतं, तिथल्या मुलांनी उष्णता फक्त पुस्तकातून शिकावी आणि प्रयोगशाळेला मात्र दोन महिने कुलूप असावं, हे योग्य नाही.

म्हणून आमच्या तुकडीनं थर्मामीटरच्या काही जोड्या शाळेच्या स्वाधीन केल्या आहेत. प्रत्येक जोडीसोबत मलमलचा तुकडा आणि एक कोरी वही आहे. पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलचे घेतलेत, म्हणजे फुटले तरी भीती नाही. आठवी ते दहावीच्या कोणत्याही मुलानं किंवा मुलीनं शेवटच्या पेपरनंतर प्रयोगशाळेतून ते घरी न्यावेत. मुख्याध्यापकांना आमची विनंती एवढीच आहे की, त्यासाठी अनामत रक्कम घेऊ नये.