एका विनंतीचा माग

संगणकाच्या धंद्यात 'बंद पडले' ही तक्रार मला कधीच फारशी अवघड वाटली नाही, कारण बंद पडलेली गोष्ट आपली जागा स्वतःच दाखवून देते. छळते ती 'अधूनमधून हळू चालते' ही तक्रार. तपासायला जावे तर सगळे सुरळीत चाललेले असते, आणि सरासरीचे आलेख तर इतके निवांत असतात की तक्रार करणाऱ्याचीच शंका यावी. मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी बसून ज्या साठवण यंत्रणेची देखभाल करतो, तिच्या डिस्क दूरच्या शहरांत, अनेक सर्व्हरवर विखुरलेल्या आहेत. ग्राहकाला मात्र ती एकच जागा वाटते, आणि तसे वाटावे यासाठीच आमचा सारा खटाटोप चाललेला असतो.

पावसाळ्यात कोल्हापूरकर भेटले की ख्यालीखुशालीच्या आधी 'राजारामला किती फूट?' असे विचारतात, म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी किती चढले. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. तो आकडा खराच असतो. पण बंधाऱ्यापाशी आलेल्या पाण्यात कासारीचे किती, कुंभीचे किती, तुळशीचे किती आणि भोगावतीचे किती, हे त्यावरून कळत नाही, म्हणून पाठोपाठ भोगावतीवरच्या धरणाविषयी 'राधानगरीचे दरवाजे किती उघडले?' हा प्रश्न येतोच. आमचे सरासरीचे आलेख पाणी किती चढले एवढेच सांगतात. ते कुठून आले हे कळायला विनंतीचा, म्हणजे माहिती लिहायला किंवा वाचायला ग्राहकाने यंत्रणेकडे केलेल्या एकेका मागणीचा, माग काढावा लागतो, आणि सुदैवाने पाण्याच्या थेंबाला जी खूण बांधता येत नाही ती विनंतीला बांधता येते.

विनंती दारात येताच तिला १६ बाइटांचा एक ओळखक्रमांक दिला जातो. पुढे ती ज्या ज्या सर्व्हरकडे जाईल तिथे तो तिच्यासोबत जातो, आणि वाटेतला प्रत्येक टप्पा, ज्याला स्पॅन म्हणतात, आपली सुरुवात, आपला कालावधी आणि आपल्याला काम कोणी सोपवले हे नोंदवून ठेवतो. गूगलने २०१० साली 'डॅपर' या असा माग काढणाऱ्या आपल्या यंत्रणेविषयीचा लेख प्रसिद्ध केला, २०१२ मध्ये ट्विटरने त्याच कामाचे 'झिपकिन' सर्वांसाठी खुले केले आणि २०१९ मध्ये दोन प्रकल्प एकत्र येऊन अशा नोंदींची सामाईक व्यवस्था म्हणून 'ओपनटेलिमेट्री' उभी राहिली.

'सेफ' या मुक्त साठवण यंत्रणेत तीन प्रती ठेवायच्या असतील, तर लिहिण्याची विनंती आधी प्रमुख प्रतीकडे जाते, प्रमुख प्रत ती उरलेल्या दोघींकडे पाठवते, आणि तिन्हींकडे लिहून झाल्याशिवाय ग्राहकाला पोच मिळत नाही. साहजिकच तिघींतली जी सर्वांत संथ, तिचाच वेग सगळ्यांचा वेग ठरतो. जेफ्री डीन आणि लुईझ आंद्रे बारोसो यांनी २०१३ मध्ये मांडलेला हिशोब याहून धक्कादायक आहे : प्रत्येक सर्व्हर शंभरातून एकदाच मंदावत असेल, पण एका विनंतीला असे १०० सर्व्हर गाठावे लागत असतील, तर १०० पैकी ६३ विनंत्या मंद होतात. माग उलगडून पाहिला, म्हणजे प्रत्येक स्पॅनची त्याच्या कालावधीइतकी लांब पट्टी काढून पाहिली, की बहुतेक वेळा असे दिसते की प्रत्यक्ष लिहिण्याची पट्टी बोटभर आहे आणि त्याआधी रांगेत थांबल्याची पट्टी हातभर, कारण नेमक्या त्याच वेळी ती डिस्क जुन्या प्रतींची पडताळणी करण्यात गुंतलेली असते.

मेखही रांगेतच असते. एका थ्रेडने, म्हणजे सर्व्हरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या एका धाग्याने, काम रांगेत टाकले आणि दुसऱ्याने उचलले, की ओळखक्रमांकही आठवणीने त्याच्या हाती द्यावा लागतो. तो दिला गेला नाही तर माग तिथेच तुटतो आणि चित्रात कोरी जागा उरते. नवख्यांना ती जागा निरुपयोगी वाटते, मला मात्र ती फार बोलकी वाटते, कारण वेळ तिथेच गेला एवढे तरी तिच्यावरून पक्के होते आणि पुढची नोंद कुठे बसवायची ते कळते. घड्याळांचे दुखणे याहून चमत्कारिक आहे. दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही मिलिसेकंदांचा फरक असला, तरी सांगितलेले काम सांगण्याच्या आधीच सुरू झालेले दिसते. म्हणून एका सर्व्हरवरची वेळ दुसऱ्यावरच्या वेळेतून मी कधी वजा करत नाही; एकाच घड्याळाने मोजलेल्या कालावधीवर तेवढा विश्वास ठेवतो.

खरा वाद रंगतो तो नोंदी किती ठेवायच्या यावर. १,०२४ पैकी एकाच विनंतीचा माग ठेवला तरी गर्दीच्या सेवांना पुरेशी माहिती मिळते, असे डॅपरच्या लेखात म्हटले आहे, आणि सेवेचा एकूण स्वभाव समजून घ्यायचा असेल तर ते पटतेही. परंतु तक्रारदाराची जी एक विनंती आपल्याला हवी असते, ती बहुधा उरलेल्या १,०२३ मध्येच असते. त्यामुळे विनंती पूर्ण होईपर्यंत तिच्या सर्व नोंदी धरून ठेवाव्यात आणि ती मंद किंवा अयशस्वी ठरली तर जपाव्यात, या मताचा मी आहे. त्याला मेमरी जास्त लागते, एका विनंतीचे सारे स्पॅन एकाच ठिकाणी गोळा करावे लागतात, आणि खर्चाचा हिशोब पाहणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. बैठकीत घासाघीस होते, सुरळीत पार पडलेल्या विनंत्यांपैकी अगदी थोड्याच ठेवण्यावर मीही राजी होतो. मंद विनंत्यांतली मात्र एकही सोडायला मी अजून तयार झालेलो नाही.