युनिव्हर्सलमध्ये दोघं, पण वेगवेगळ्या रांगांत

सिंगापूरला निघालो तेव्हा लेकीने फोनवर विचारलं, "युनिव्हर्सल स्टुडिओला? तुम्ही दोघंच? तिथे करणार काय तुम्ही?" माझं वय चौपन्न, ह्यांचं एकोणसाठ, सोबत एकही लहान मूल नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. त्यात मला लहानपणी जत्रेतल्या पाळण्यातून उतरवायला वडिलांना ओरडावं लागायचं, आणि हे सरकत्या जिन्यावरसुद्धा कठडा सोडत नाहीत. अशा विजोड जोडप्याने सिनेमांवर बेतलेल्या राईड्सच्या या पार्कात अख्खा दिवस काढला, भांडण एकदाच झालं, आणि तेही लॉकरवरून. आमच्यासारखं आणखी कुणी जाणार असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी पोहोचण्याचं. बरेच मराठी लोक लिटल इंडियात उतरतात, आम्हीही तिथेच होतो, आणि त्याचा फायदा झाला. लिटल इंडिया स्टेशनवरून जांभळी मेट्रो, म्हणजे नॉर्थ ईस्ट लाईन, थेट हार्बरफ्रंटला जाते. गाडी बदलावी लागत नाही, हार्बरफ्रंट हे शेवटचंच स्टेशन. तिथून वर आलं की विवोसिटी नावाचा मोठा मॉल, आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा बेटावर जाणारी छोटी मोनोरेल सुटते. जाताना माणशी ४ सिंगापूर डॉलर, येताना फुकट. रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला उतरायचं. पैसे वाचवायचे असतील तर समुद्रावरचा लाकडी बोर्डवॉक आहे, चालत जाता येतं. पण दिवसभर पायांचे तुकडे पडणारच असतात, तेव्हा ते ४ डॉलर द्या. मेट्रोला बँकेचं कार्ड टेकवलं की चालतं, मात्र निघण्याआधी त्यावर परदेशातले व्यवहार चालू करून घ्या. आम्ही ते विमानतळावर उभं राहून केलं.

वेळेचंही सांगते. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपल्या शरीराचे साडेपाच. त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सल ठेवू नका, एक दिवस मध्ये जाऊ द्या. पार्क साधारण दहाला उघडतं, पण तारखेप्रमाणे वेळा बदलतात, आदल्या रात्री एकदा बघून घ्यावं. आम्ही २०२५च्या जुलैत, बुधवारी गेलो. जून तिथल्या शाळांच्या सुट्टीचा, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून वर्षअखेरपर्यंत मोठी सुट्टी. ते दिवस टाळता आले तर टाळाच.

दाराबाहेर तो फिरता पृथ्वीचा गोल आहे. तिथे फोटोला तिकीट लागत नाही, म्हणून सकाळी झुंबड असते. आम्ही तो फोटो संध्याकाळवर ढकलला आणि सरळ आत गेलो. आत शिरलं की हॉलिवूड, वर छत असलेला दुकानांचा रस्ता. सकाळी तिथे एक मिनिटही घालवू नका, दुकानं संध्याकाळीही तिथेच असतात. पार्क मधल्या तळ्याभोवती गोल आहे, सगळे विभाग त्या तळ्याच्या काठाने. बहुतेक कुटुंबं डावीकडे मिनियन लँडकडे, म्हणजे कार्टून सिनेमातल्या त्या पिवळ्या बुटक्यांच्या विभागाकडे वळली. तो विभाग १४ फेब्रुवारी २०२५ला उघडला, म्हणजे अजून नव्याची नवलाई होती. आम्ही उजवीकडे वळलो, न्यूयॉर्कमधून सरळ साय-फाय सिटी.

आता मुद्द्याचं. एक्सप्रेस पास नावाचा वेगळा पास मिळतो, रांग टाळण्यासाठी. गर्दीच्या दिवशी त्याची किंमत जवळजवळ तिकिटाइतकी चढते. आम्ही तो घेतला नाही, कारण बऱ्याच मोठ्या राईड्सना सिंगल रायडरची रांग असते. म्हणजे एकट्या माणसांची. गाडीत तिघांचं कुटुंब बसलं आणि एक जागा उरली, की तिथे या रांगेतला एक माणूस बसवतात. रांग भरभर सरकते. अट एकच, शेजारी कोण येईल ते आपल्या हातात नाही. जोडप्यांना इथे काय होतं कुणास ठाऊक! समोरची पाटी वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि पाऊण तासाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. अहो, राईड दोन-तीन मिनिटांची. तेवढा वेळ नवरा शेजारी नसला तर काय बिघडतं? पाऊण तास त्याच्याबरोबर घामाघूम होण्यापेक्षा बाहेर भेटून सरबत प्या. गर्दी नसेल तर कधी कधी ही रांग बंद ठेवतात, म्हणून दारातल्या माणसाला विचारून घ्यावं.

पहिली राईड, बॅटलस्टार गॅलॅक्टिका. (खरं तर ही टीव्ही मालिका, सिनेमाच्या पार्कात ती कशी, असं ह्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही, मान वर करून रूळ बघत होते.) दोन रोलर कोस्टर एकमेकांत गुंफलेले आहेत, उंची ४२.५ मीटर. लाल रुळांवरचा ह्यूमन, त्यात आपण नेहमीसारखे बसतो, उलटं व्हायचं नाही, पण वेग जबर. निळ्या रुळांवरचा सायलॉन, त्यात रूळ डोक्यावर आणि पाय हवेत लोंबकळतात, आणि तो माणसाला उलटासुलटा करतो. सुटी चप्पल घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत. खिशात नाणंही ठेवू देत नाहीत, सगळं लॉकरमध्ये. बायकांना खास सांगणं, मंगळसूत्र, लांब कानातले सकाळीच हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. मी गळ्यातलं तसंच घालून गेले, आणि रांगेच्या तोंडाशी उभी राहून ते काढून पर्सच्या चेनच्या कप्प्यात कोंबलं. दिवसभर दर अर्ध्या तासाने तो कप्पा चाचपत होते.

ह्यांची मान आणि मणके बेताचे, त्यामुळे इथे ते खालीच थांबले. मान, पाठ, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये अशी सूचना तिथे लिहिलेली असते, आणि ती शोभेसाठी नसते. मी आधी लाल, मग निळा केला. निळ्यात माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा होता, त्याने सुरू व्हायच्या आधीच डोळे मिटले. वर चढताना एक क्षण सगळं बेट दिसतं, समुद्रात उभी जहाजं दिसतात, आणि मग काही दिसत नाही. उतरले तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटेना. हे म्हणाले, "बरं वाटतंय ना?" मी म्हटलं, "परत जाऊ?"

शेजारचा विभाग प्राचीन इजिप्त. मोठमोठे पुतळे, भिंतींवर चित्रलिपी. रिव्हेंज ऑफ द ममीबद्दल ह्यांची समजूत अशी, की बग्गीत बसवून इजिप्त दाखवत नेतील, साधारण संग्रहालयासारखं. मी मानेचं कारण सांगून नको म्हटलं. ऐकतील तर शप्पथ. "अंधारात गार हवेत बसायला मिळतंय," म्हणून सिंगल रायडरच्या रांगेत माझ्या पुढे जाऊन उभे राहिले. ही बंदिस्त जागेतली रोलर कोस्टर आहे. काळोखात वेगाने पुढे, मग मागे, पुन्हा पुढे, आणि डोक्यावर आगीचा लोळ. चष्मा लॉकरमध्ये, त्यामुळे त्यांना ती आगही दुप्पट मोठी दिसली असणार.

बाहेर आले ते भिंत धरून. आणि मग ते भांडण. लॉकर ठरावीक वेळ फुकट असतात, नंतर पैसे लागतात, म्हणून मी घाई करत होते. "नंबर किती?" हे शांतपणे म्हणाले, "मी फोटो काढून ठेवलाय." फोटो कुठे? फोनमध्ये. फोन कुठे? लॉकरमध्ये. चष्माही लॉकरमध्ये, म्हणजे नंबर आठवला असता तरी ह्यांना वाचता आला नसता. तिथल्या मुलीने हसू दाबत मदत केली. नंबर तोंडपाठ करा, दोघांनी करा, आणि शक्यतो दोघांचं सामान एकाच लॉकरमध्ये ठेवू नका. वेगळ्या रांगांत जाणार असाल तर भेटायची जागाही आधी ठरवा, कारण राईडच्या वेळी फोन जवळ नसतो. "बाहेर भेटू" ही जागा नव्हे. आम्ही दर वेळी एखादा पुतळा नाहीतर खांब ठरवत होतो.

जेवण इजिप्तमध्येच झालं, तिथे भारतीय धाटणीचं मिळतं. महाग आहे, चव ठीक. बाराला जेवलात तर जागा मिळते, एकला मिळत नाही. पाणी विकत घेऊ नका. सिंगापुरात नळाचं पाणी पिण्याजोगं असतं आणि पार्कात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, रिकामी बाटली सोबत असली की झालं.

जेवल्यावर लॉस्ट वर्ल्ड, डायनासोरांचा विभाग. इथली ज्युरासिक पार्क रॅपिड्स अ‍ॅडव्हेंचर ही गोल तराफ्यातून नदीने जाण्याची राईड आहे. सुरुवातीला सगळं गोड, डायनासोर माना डोलावतात. मग तराफा एका काळोख्या इमारतीत शिरतो, अख्खा तराफा लिफ्टने वर उचलला जातो, टी-रेक्स दर्शन देतो आणि आपण पाण्यात कोसळतो. कोण किती भिजणार हे तराफा कसा फिरतो त्यावर. मी केसांपासून मोज्यांपर्यंत ओली, समोरची बाई कोरडी ठणठणीत! रेनकोट तिथे विकत मिळतो, पण घरूनच पातळ प्लॅस्टिकचा नेलात तर बरं. जीन्स नको, ती संध्याकाळपर्यंत वाळत नाही. माझा सुती कुर्ता तासाभरात वाळला, मोजे मात्र रात्री हॉटेलात.

वॉटरवर्ल्डचा खेळ चुकवू नका. वॉटरवर्ल्ड हा १९९५चा सिनेमा त्या काळचा सर्वांत खर्चिक म्हणून गाजला, कौतुक मात्र बेताचंच झालं, पण त्यावरचा हा खेळ अजून चालू आहे. पाण्यावर धावणाऱ्या स्कूटर, उंचावरून पडणारी माणसं, आणि शेवटी भिंतीवरून आत घुसणारं विमान. वरच्या रांगेत बसूनसुद्धा आगीची धग गालाला लागली. ह्यांना दिवसभरात सर्वांत आवडलं ते हेच, कारण बसायचं होतं आणि हलायचं नव्हतं. खेळाच्या वेळा ठरलेल्या असतात, सकाळीच बघून दिवस त्याभोवती लावा. पुढच्या रांगांतल्या लोकांवर मुद्दाम पाणी टाकतात, हौस असेल तर बसा.

तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. सिंगापूर विषुववृत्ताला लागून, दुपारचा पाऊस तिथे नेहमीचाच. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात, आणि किती वेळ ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी उरकायचं आणि छताखालचं दुपारसाठी राखून ठेवायचं. ट्रान्सफॉर्मर्स आम्ही सकाळी मुद्दाम सोडली होती. छत्री धरून आल्या वाटेने मागे साय-फाय सिटीत आलो. ही राईड जगात प्रथम इथेच, डिसेंबर २०११मध्ये सुरू झाली. थ्रीडी चष्मा लावून गाडीत बसायचं, गाडी हलते थोडी आणि वाटतं शंभर मजल्यांवरून पडलो. सिंगल रायडरने पंधरा मिनिटांत आत. या रांगेतून गेलं की आधीची गोष्ट सांगणारे पडदे नीट दिसत नाहीत, पण गोष्टीत तसंही फार काही नाही. पाठीला इथेही हादरे बसतात, हे विसरू नका. ममीनंतर ह्यांनी तसा हट्ट केला नाही, बाहेरच कॉफी प्यायले.

पाऊस थांबल्यावर कॅनपी फ्लायर. खुर्च्या रुळाला टांगलेल्या, दोघं पुढे तोंड करून, दोघं मागे. मुलांसाठीची आहे म्हणून हे तयार झाले, पण रांग हळू सरकते, चाळीस मिनिटं गेली. फार फार अवेचा, म्हणजे श्रेकच्या सिनेमांतल्या राज्याचा, किल्ला बाहेरूनच छान दिसतो, फोटो काढून पुढे सरकलो. मिनियन लँडमध्ये रांगेत लहान मुलं इतकी पेंगुळलेली, की त्यांच्या आईबापांची दया आली. मुख्य राईडला पन्नास मिनिटं लागली, दिवसातली सर्वांत लांब रांग. आमच्या वयाच्या माणसांनी वेळ उरला तरच जावं.

निघताना हॉलिवूडमधून बाहेर येऊन गोलापाशी फोटो काढला, गर्दी खरोखरच ओसरली होती. पण खरा फोटो वेगळाच. ममीच्या बाहेर पडद्यावर राईडमधले फोटो दाखवतात, विकत घेता येतात. त्यात मी मागच्या ओळीत दोन्ही हात वर करून हसतेय. पुढे हे, डोळे गच्च मिटलेले, आणि शेजारच्या अनोळखी सरदारजींचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. सरदारजी अगदी निर्विकार. किंमत बघून मी म्हटलं, राहू दे, आणि पुढे चालू लागले. परतीच्या मेट्रोत चायनाटाऊन गेल्यावर हे म्हणाले, "तो घ्यायला हवा होता. त्यांनाही एक प्रत दिली असती."