चिठ्ठीतील न जाणवणाऱ्या गोळ्या

सदाशिव पेठेतील आमच्या औषधांच्या दुकानात हृदयरोगाची चिठ्ठी घेऊन येणारे अनेक जण अर्धीच चिठ्ठी भरून नेतात. ‘पर्वती चढताना छातीत भरून येतं, त्याची गोळी द्या, कोलेस्ट्रॉलची राहू द्या, रिपोर्ट नॉर्मल आलाय,’ असे म्हणणाऱ्या काकांना मी थोडे थांबवून घेतो. गर्दीच्या वेळी त्यांना जे नीट सांगता येत नाही, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या की चढावर किंवा थंडीत भरभर चालताना हृदयाच्या स्नायूला गरजेइतका प्राणवायू पुरत नाही, छातीवर दडपण येते आणि थांबल्यावर ते ओसरते. हाच अंजायना. त्यावरच्या गोळ्या दोन वेगळी कामे करतात: काही दडपण कमी करतात, तर काही हृदयविकाराचा झटका टाळतात. पहिल्या कामाचा गुण रुग्णाला त्याच दिवशी कळतो, दुसऱ्याचा कधीच जाणवत नाही, आणि म्हणून काटछाट नेमकी दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांवर होते.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही नायट्रेट गटातील गोळी सर्वांच्या परिचयाची आहे. ती रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे हृदयावरचा भार उतरतो. परंतु रक्तदाबही उतरतो, म्हणून ती बसूनच घ्यावी, आणि पाच मिनिटांत दडपण कमी झाले नाही तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास कोणतेही नायट्रेट घेऊ नये, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. लाजेपोटी डॉक्टरांपासून लपवलेली ही गोष्ट जिवावर बेतू शकते. रोज घ्यायच्या मोनोनायट्रेटच्या साध्या गोळीची वेळ बहुधा सकाळी आठ आणि दुपारी तीन अशी लिहिलेली असते. पुष्कळ जण ती आपल्या सोयीने सकाळ-रात्र अशी करून घेतात. शरीराला या औषधाची सवय लागून त्याचा गुण जाऊ नये, यासाठी रोज दहा-बारा तासांचा खंड मुद्दाम ठेवलेला असतो.

मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर नाडी मंद करतात. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात, त्यामुळे ठोके मंदावले की गरज घटते आणि पुरवठ्याला वेळही अधिक मिळतो. थकवा येतो म्हणून ही गोळी कोणी एकाएकी सोडली, तर अंजायना उसळून येण्याचा धोका असतो. मात्रा कमी करायची ती डॉक्टरांना विचारून आणि हळूहळू. दमा असेल तर तेही त्यांना आधी सांगावे.

आता त्या काकांनी वगळलेल्या गोळीविषयी. अंजायना असलेल्या किंवा आधी झटका येऊन गेलेल्या ४,४४४ रुग्णांवर स्कँडिनेव्हियात सिम्व्हास्टॅटिन या कोलेस्ट्रॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे साडेपाच वर्षांत तुलनेसाठी औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी १२ टक्के रुग्ण दगावले, तर स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळी चालू असते म्हणून. ती बंद केली की कोलेस्ट्रॉल काही आठवड्यांत पुन्हा वर जाते. ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनही अशीच निमूट काम करते. ती रक्तातील बिंबिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, त्यामुळे धमनीत गुठळी होण्याची शक्यता घटते. दात काढायचा आहे म्हणून ती, किंवा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवल्यानंतर दिलेली तशाच कामाची क्लोपिडोग्रेल, हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता बंद करणे फार धोक्याचे आहे.

‘एकदाची अँजिओप्लास्टी करून टाकली की गोळ्या सुटतील’ ही समजूतही वारंवार ऐकू येते. झटका आला असताना स्टेंट जीव वाचवतो, यात शंका नाही. स्थिर अंजायनात, म्हणजे ठरावीक श्रमांनी येऊन थांबल्यावर ओसरणाऱ्या दुखण्यात मात्र २००७ च्या ‘करेज’ आणि २०२० च्या ‘इस्केमिया’ या मोठ्या चाचण्यांत, उत्तम औषधोपचारांना सुरुवातीलाच अशा प्रक्रियांची जोड देऊनही मृत्यू किंवा झटके लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखत होते त्यांना आराम मात्र अधिक मिळाला. आणि स्टेंट बसवल्यावरही गोळ्या चालू ठेवाव्याच लागतात.

खर्चामुळे गोळी गाळावी लागत असेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, अ‍ॅस्पिरिन ही सगळी जेनेरिक औषधे जन औषधी केंद्रांत बरीच स्वस्त मिळतात, आणि ती आमच्याकडून न घेता तेथून नेली तरी मला आनंदच आहे.