पोर्टफोलिओतलं कारंजं

परवा रात्री लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे बागा, मैदानं असल्या मोकळ्या जागा आखायच्या कामातल्या, एका ज्युनियरचा मेसेज आला, ताई पोर्टफोलिओ (केलेल्या कामांची फाइल) बघून द्या ना, सोमवारी पुण्यात इंटरव्ह्यू आहे. फाइल ११० एमबीची, लातूरच्या आमच्या नेटवर उतरेपर्यंत माझ्या भाकरी थापून झाल्या. उघडली तर ५२ पानं आणि पहिल्याच पानावर कारंजं. हिरवंगार लॉन, पांढरेशुभ्र बाक, कुठल्या तरी थंड देशातली कोट घातलेली माणसं फिरायलीत आणि मधोमध पाणी उडायलंय. साइट कुठली, तर आमच्या लातूरचा औसा रोड.

मला हसू आलं, कारण माझ्या पहिल्या पोर्टफोलिओतही असलंच कारंजं होतं. लँडस्केपचं मास्टर्स करून एका ऑफिसात गेले होते, तिथल्या सरांनी माझे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं, लग्नाचा अल्बम चाळावा तसे भराभर चाळले आणि कारंज्यावर बोट ठेवून म्हणले, तुम्ही लातूरच्या ना, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कुठं होता? म्हणलं घरीच होते सर. घरीच होते म्हणजे काय, टँकर आला की घागर घेऊन मीच पळायचे. मग ते म्हणले, याचं पाणी कुठून येतं ते दाखवा. माझ्याकडं सेक्शनच नव्हता, म्हणजे जमीन उभी कापल्यासारखी दाखवणारं ड्रॉइंग. नोकरी मिळाली नाही हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर मी पोर्टफोलिओ उलटा केला, म्हणजे रेंडर मागं आणि पाणी पुढं. एका शाळेचं मैदान होतं, ४० मीटर लांब, उतार १:१००, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त ४० सेंटीमीटरचा फरक. पण शाळेच्या पायऱ्यांशी पाणी तुंबतंय का पलीकडं चरात जाऊन मुरतंय ते सगळं त्या ४० सेंटीमीटरवर ठरतं. १:२०० स्केलला सेक्शन काढला की हा फरक कागदावर दोन मिलिमीटर, कुणाला दिसणारच नाही, म्हणून उभं स्केल पाचपट केलं आणि तसं खाली स्पष्ट लिहिलं, नाहीतर बघणाऱ्याला वाटायचं शाळा डोंगरावर आहे. त्याच्या शेजारी एक फोटो लावला, मे महिन्यातल्या काळ्या मातीच्या भेगेत माझी १५ सेंटीमीटरची पट्टी उभी घातलेली, वर फक्त शेवटचे दोन आकडे दिसतात. हीच माती पावसाळ्यात फुगते आणि फरशी उचलून टाकते, त्यामुळं पाथवेच्या खाली माती काढून मुरूम का भरला हे वेगळं समजवावं लागलं नाही. पुढच्या इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त वेळ याच पानावर गेला.

कॉलेजातली जुनी शीट पण टाकून देऊ नका बरं का. मी संभाजीनगरच्या पाणचक्कीचा हातानं काढलेला सेक्शन ठेवलाय, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळातून नुसत्या उतारावर येतं, पंप नाही का काही नाही, आणि चक्की फिरवतं. रेघा जरा वाकड्या आहेत, असू द्या.

प्लँटिंगच्या पानावर बोटॅनिकल नाव लिहाच, पण सोबत कडुनिंब, पळस, आपटा, हिवर असं इथलं नाव पण लिहा, कारण नर्सरीवाला तेच म्हणतो. आणि झाडं लावल्याच्या दिवशीचे फोटो सगळेच लावतात, तुम्ही तीन वर्षांनी मे महिन्यात जाऊन काढा. मी गेले तर माझ्या यादीतली निम्मी झुडपं वाळून गेली होती. माळी मामा म्हणले, "म्याडम, मी तवाच म्हणलो होतो, हे उन्हाळ्यात टिकत नसतंय." ते पान पण मी ठेवलंय, काय मेलं, काय जगलं आणि पुढच्या साइटवर काय बदललं यासकट. (मामांचं वाक्य लिहायचा मोह झाला होता, आवरला.)

बाकी नेहमीचंच. २० पानं लई झाली, फाइल १० एमबीच्या आत, प्रत्येक प्लॅनवर उत्तर दिशा आणि स्केल पट्टी, ऑफिसचं ड्रॉइंग वापरायचं तर आधी विचारायचं. आणि टीमच्या कामात आपण काय केलं ते सरळ लिहायचं, फक्त ग्रेडिंग (जमिनीचे उतार ठरवणं) केलं असेल तर फक्त ग्रेडिंग, समोरचा दोन प्रश्नांत ओळखतो.

हे सगळं मी तिला फोनवर तासभर सांगितलं. काल तिची फाइल परत आली, ९ एमबी, २१ पानं. कारंजं होतंच, सातव्या पानावर. म्हणलं राहू दे बाई, फक्त त्याला पाणी कुठून येतं तेवढं काढ.